मधल्या पट्टीतली पावलं

गुलबर्गा, ६ जानेवारी २०२५

अण्णा,

लहान पावलांना कड का नाही? हा प्रश्न विद्यापीठात विजयेंद्र सरांनी परवा मला विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. अजूनही देता येत नाही.

तुझा फोन येळवशीच्या सणाच्या संध्याकाळपासून बंद आहे. वहिनी म्हणाली, तू पुन्हा सेडमकडे फरशीच्या खाणीवर गेलास आणि कमलम्माच्या खानावळीत जेवतोस. म्हणून हे पत्र खानावळीच्या पत्त्यावर पाठवतेय.

कड म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. चिखलातून बैल गेला की खुराभोवती चिखल सरकून वर येतो, तीच. आपल्या ओढ्यातल्या डायनोसॉरच्या सतरा मोठ्या पावलांना ती आहे. सहा कोटी वर्षांहून जुनी आहे, पण बोट फिरवलं तर लागते. मधल्या पट्टीतल्या अकरा लहान पावलांना ती नाही. मी माझ्या निबंधात लिहिलं होतं, 'पाण्याने झिजली असावी'. तो निबंध ऑक्टोबरमध्ये छापून आला, खाली माझं आणि सरांचं नाव आहे. आता कुणा परदेशातल्या अभ्यासकानं सरांना पत्र लिहून हीच शंका विचारली आहे. सर मला म्हणाले, "हेमावती, मोठ्यांची कड हातभर अंतरावर शाबूत आहे. पाणी काय फक्त पिल्लांच्या पावलांवरून वाहिलं?"

मला त्या वेळी शकुबाई मोठीमाय आठवत होती.

येळवशीला शेतातल्या कडब्याच्या कोपीत तू पाहुण्यांना वाढत होतास, म्हणून तुला सगळं कळलं नसेल. पांडव पुजून झाले आणि बायका नेहमीप्रमाणे आंबिलीचं बोळकं घेऊन ओढ्यात उतरल्या, भीमाच्या पावलांत आंबील घालायला. पुढं मोठीमाय होती. ती एकेका पावलात थोडी थोडी ओतत गेली, सतरावं झालं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

मी म्हणाले, "मोठीमाय, मधली बारकी राहिली की."

"ती कुठली गं आणि?"

"ही काय. पिल्लांची."

तिनं वाकून पाहिलं आणि हसायलाच लागली. "येडी का काय तू? हितं धुण्याचा दगड व्हता. लगीन होऊन आले तवापासून बंधारा होईस्तोवर माजी लुगडी मी हितंच आपटली. तळहातावानी सपाट. कुणाचं पाऊल न्हाई की काय न्हाई."

"अक्का, गप बसा की," माय म्हणाली. "भज्जी निवायलीय."

"निवू दे. पोरगी एवढी शिकली, तिला ठावं नको व्हय?"

मी म्हणाले, "बंधाऱ्याचा गाळ साचला होता ना मोठीमाय, अण्णानं मागच्या उन्हाळ्यात काढला, तेव्हा खालून दिसली."

"गाळाखाली पावलं उगवत्यात व्हय गं? वांगी हायत का?"

एरवी एवढ्यावर बायका हसून लोळल्या असत्या. कुणी हसलं नाही. कुणाला आश्चर्यही वाटलं नाही, आणि मला तेच खटकलं. सगळ्यांनी आधी मायकडं पाहिलं आणि मग कोपीकडं, जिथं तू होतास. जेवणं झाल्यावर तू दिसला नाहीस.

मी दहाव्या वर्षी वसतिगृहात गेले. तो दगड मला आठवत नाही. मोठीमायचं वय झालंय, तिचा धुण्याचा दगड दुसरा असेल, वरच्या वळणावरचा असेल. तू फक्त एवढं लिही की तिची चूक होतेय. मी विश्वास ठेवीन.

हेमा


गाव, १९ जानेवारी

अण्णा,

तुझं उत्तर आलं नाही. मी संक्रांतीला घरी आले आणि राहिले. आज पाच दिवस मी सकाळी ओढ्यात जाते, भिंग आणि दात घासायचा ब्रश घेऊन.

तू चांगलं काम केलंस. हे मी चिडून म्हणत नाही. लहान पावलांच्या तळाला वाळूनं घासलंस, वर ताक लावलंस, शेवाळ धरलं. छन्नीचा घाव मला तीन दिवस सापडला नाही. चौथ्या दिवशी सातव्या पावलात, आतल्या बाजूला, नखाएवढी सरळ रेघ दिसली. दगडात अशी सरळ रेघ जनावराच्या पायानं पडत नाही. तिथं तुझा हात थकला असेल, किंवा कुणी हाक मारली असेल.

मागच्या वर्षी मार्चमध्ये मी तुला फोनवर अर्धा तास सांगत होते, आठवतं? तीन जनावरांचे तीन माग आहेत, शेजारी शेजारी, कुठेही एकमेकांना कापत नाहीत. पावलाच्या लांबीला चारानं गुणलं की कमरेची उंची येते, म्हणजे कमरेशीच आठ फूट. शेपटी ओढल्याची रेघ नाही, म्हणजे शेपूट उचलून चालायची. आणि मुख्य म्हणजे तिन्ही माग एकाच जागी डावीकडं वळतात आणि वळतानाही त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. तीन वेगवेगळ्या दिवशी गेलेली जनावरं असं करत नाहीत. ती सोबत होती. तू म्हणालास, "म्हणजे खांड व्हतं म्हण की." मी म्हणाले, व्हय अण्णा, कळप होता. पण त्यात पिल्लं होती का, असली तर मध्ये चालायची का, हे कुणालाच नीट ठाऊक नाही. पूर्वी एके ठिकाणी तसं म्हटलं गेलं, मग लोकांनी त्यावर शंका घेतली. आपल्याकडे दिसलं असतं तर!

तू विचारलंस, "पिल्लाचं पाऊल केवढं असंल?"

मी म्हणाले, वीतभर. पुढचं चंद्रकोरीसारखं, मागचं गोल. पावलापावलात अडीच फूट. मी तुला मापं दिली, अण्णा. मी स्वतः फोनवर मापं दिली.

आणि मे महिन्यात तुझा फोन आला, "बारके बी हायत गं."

काल माझ्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. माझ्या निबंधातलं लोकांना सगळ्यात आवडलेलं वाक्य असं होतं की पिल्लू सरळ चालत नाही. ते मोठ्या जनावराच्या कुशीला लागून चालतं, मध्येच चार पावलं मागं पडतं, मग लांब ढांगा टाकून पुन्हा गाठतं. एका परीक्षकानं लिहिलं होतं की इतकी जिवंत चाल दगडात क्वचित दिसते. काल दुपारी आपली कपिली गाय पाण्यावर निघाली होती आणि मागं तिचं वासरू. ते थांबलं, रेंगाळलं, मग धावत कुशीला आलं. मी बांधावर बसून पाहत होते. मी जगाला जे सहा कोटी वर्षांपूर्वीचं म्हणून सांगितलं ते कपिलीचं वासरू होतं. तू डोळ्यासमोर तेच धरून कोरलंस, दुसरं काय धरणार होतास? आणि मी त्याच घरात वाढून ते ओळखलं नाही.

रात्रीचं जेवण होण्याआधी मी मायला सरळ विचारलं. ती भाकरी थापत होती.

"माय, तुला ठाऊक होतं?"

"काय?"

"तुला ठाऊकाय मी काय विचारायलेय."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "समद्यास्नी ठावं हाय. तुलाच तेवढं न्हाई."

"आणि कुणी मला सांगितलं नाही?"

"काय सांगावं? सरकारी सायेब आला, त्याला वढ्यावर पूल मागितला तवा म्हणाला, नुस्ते मोठे खड्डे बघायला कोण येतंय. मग पिल्लं निघाली, पेपरात आलं, त्योच सायेब गाडी घेऊन आला. पुलाच्या खुंट्या ठोकल्या. तू बोल की, आता बोल. खुंट्या उपटून टाक."

अप्पा बाहेर बसले होते. तिथूनच म्हणाले, "हेमा, पूल होईस्तोवर गप ऱ्हा. मग काय बोलायचं ते बोल."

"अप्पा, तुम्हीसुद्धा?"

"मी काय केलो? मी नुस्ता ताक आणून दिलो."

मला हसू आलं आणि मग रडू आलं. मला शाळेत घालताना अप्पांनी बीदरच्या गुरुजींपुढं हात जोडले होते, ते मी पाहिलंय. त्याच हातांनी ताकाची कासंडी नेली.

तीन जनावरं एकाच जागी वळली, म्हणून मी कळप ओळखला. अख्खं गाव एकाच जागी वळलं आणि मला कळलं नाही, कारण मी त्यात नव्हते.

हेमा


गुलबर्गा, ४ फेब्रुवारी

अण्णा,

कमलम्माच्या फोनवरून तू दीड मिनिट बोललास. ते सगळं मी इथं लिहून ठेवतेय, म्हणजे नंतर दोघांपैकी कुणी बदलायला नको.

"पत्र मिळाले."

"मग?"

"मग काय. तुलाच पायजे होते की बारके."

"असते तर बरं, एवढंच म्हणाले मी. कर म्हणाले नव्हते."

"न्हाई म्हणालीस. पर बारके निघाले म्हणून मी सांगितलो, तवा तू इचारली बी न्हाईस, आजवर कुणाला कामून दिसले न्हाईत म्हणून. दगडाची मास्तरीण तू. मला वाटलं तुला समजलंय, अन् तू गप हायस."

"अण्णा, माझ्यासाठी केलंस की पुलासाठी?"

"भादव्यात माज्या पल्लवीला खांद्यावर घे अन् वढा वलांडून दाव. मग इचार." आणि फोन बंद.

मला खूप राग आला. मी तुझ्याशी मनातल्या मनात दोन दिवस भांडले. तू बोललास ते किती खोटं आहे हे सिद्ध करायला मी मेमधल्या वह्या आणि फोटो काढले.

आता जे लिहितेय ते मी सरांनाही अजून सांगितलेलं नाही.

पावलांचे फोटो सकाळी लवकर किंवा उन्हं उतरताना काढतात. तिरपी सावली पडते, कड उठून दिसते. सतरा मोठ्या पावलांचे माझे सगळे फोटो सकाळी सात ते आठमधले आहेत. अकरा लहान पावलांचे सगळे फोटो दुपारी साडेबाराचे आहेत, जेव्हा सावलीच नसते. वेळ फोटोवरच असते, पुसता येत नाही. मेच्या उन्हात, दगड तापलेला, तू डोक्यावर टॉवेल धरून उभा होतास आणि म्हणालास, "सकाळी काढ की, कामून मरायलीस उन्हात?" मी म्हणाले, उद्या बस आहे. दुसऱ्या दिवशी बस नव्हती. मी आणखी दोन दिवस घरी होते.

म्हणजे माझ्या बोटाला कळलं होतं. मी पहिल्या दिवशीच हात फिरवला होता, कड लागली नव्हती, आणि मी कॅमेरा दुपारी काढला. का, ते विचारू नकोस. सरांनी विचारलं तेव्हा ज्याचं उत्तर देता आलं नाही, ते हेच. तू मला फसवलंस, गावानं फसवलं, हे खरंच आहे आणि ते मी विसरणार नाही. पण तुम्ही दार ढकललंत तेव्हा आतून कडी लावलेली नव्हती.

काल सरांना भेटले. खोली बंद करून सगळं सांगितलं, फोटोंची वेळ सोडून. सर म्हणाले, "लहान खोटी आहेत असं आपण जाहीर केलं, तर मोठी खरी आहेत यावर कोण विश्वास ठेवील? ज्या दगडावर अकरा कोरली त्यावर अठ्ठावीस कोरली नसतील कशावरून?"

"सर, मोठ्यांना कड आहे."

"कड कोरता येते. तुझा भाऊ कोरू शकतो, नाही का?"

मी व्हय म्हणाले. तू कोरू शकतोस. सांगितलं असतं तर कडही कोरली असतीस.

"मग गप्प राहायचं का?" मी विचारलं.

"मी तसं म्हटलेलं नाही. तुझी फेलोशिप जाऊ शकते, माझीही बेअब्रू होईल, ते होऊ दे. पण ती सतरा पावलं जातील. त्यांचा काय गुन्हा? ती वाचवायचा मार्ग आहे का तुझ्याकडे?"

अण्णा, मार्ग एकच आहे आणि तो मला सुचला तेव्हापासून मला जेवण जात नाही. तो दगड पातळ थरांचा आहे, तळ्याच्या तळाशी साचलेल्या गाळाचा. पाय खरंच पडला असेल तर खालचे थर दबून वाकलेले असणार. छन्नीनं कोरलं असेल तर थर नुसते तुटलेले असणार. वरून कुणालाही फसवता येतं. खालचा थर वाकवणं तुलाही जमणार नाही, ते फक्त वजनाचं काम आहे. पण ते दाखवायचं तर पाऊल उभं कापावं लागतं. खोटं आणि खरं, दोन्ही.

आणि एकदा कापलेलं खरं पाऊल पुन्हा होत नाही.

हेमा


गुलबर्गा, २१ फेब्रुवारी

अण्णा,

कोणतं कापायचं हे ठरवायला मी तीन दिवस घेतले. पुसट झालेलं कापलं असतं तर जीव तेवढा तुटला नसता, पण लोक म्हणाले असते, वाईट निवडलं, काही दिसतच नाही. म्हणून पाचवं. डाव्या मागच्या पायाचं, जिथं तिन्ही माग वळायला लागतात तिथलं. तीन नखांच्या खुणा आणि बोटभर उंच कड. सतरातलं सगळ्यात सुंदर.

कापायची परवानगी सरांनी मिळवली. फरशी कापायचं मशीन घेऊन गुंडेराव मिस्त्री आले. अख्खं गाव बांधावर उभं होतं. माय आली नव्हती. अप्पा आले होते, पण माझ्याकडं न बघता उभे होते. कुणीतरी मागून म्हणालं, "आपल्या हातानं आपल्याच गावचा पूल तोडायलीय बघा." दुसरं कुणीतरी, "शिकून काय केली? भीमाचा पाय कापली."

मोठीमाय तेवढी जवळ आली. "पोरी, हे खरं हाय म्हणतीस ना?"

"व्हय मोठीमाय."

"मग कामून कापायलीस?"

"खरं आहे म्हणून."

मशीनवर पाणी ओतायला बादली लागत होती, ती तिनं भरून आणून दिली.

आधी तुझं कापलं, सातवं, जिथं रेघ होती ते. थर बर्फीच्या वडीसारखे सरळ, खड्ड्यापाशी येऊन तुटलेले. मिस्त्री म्हणाले, "हे कोरलेलं हाय बाई, मी बी सांगीन." मग त्यांनी मशीन पाचव्यावर धरलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. पांढरा राडा उडत होता, माझ्या चेहऱ्यावर, दातात. अर्धा तास लागला. तुकडा बाजूला झाला, पाण्यानं धुतला, आणि मी पाहिलं. चवडीतल्या पोळ्यांवर वाटी दाबली तर कशा वाकतात, तसे एकाखाली एक नऊ थर वाकले होते. खाली खाली कमी होत जाणारे. नववा जेमतेम, केसभर. तिथं त्याचं वजन संपलं होतं. अण्णा, तू असतास तर तुला ते माझ्याही आधी दिसलं असतं. मला त्या क्षणी तुझी आठवण झाली आणि तुझा इतका राग आला की मी उठून ओढ्याच्या पलीकडं जाऊन बसले.

पूल होईल की नाही मला माहीत नाही. परवा खुंट्या होत्या. साहेबांच्या कार्यालयातही मी माझ्या खुलाशाची प्रत दिली आहे आणि सोबत वेगळा अर्ज, की पल्लवीची आणि आणखी एकतीस मुलांची शाळा पावसाळ्यात बुडते, पूल बांधायला पिल्लांची गरज नसावी. अर्जावर सही करायला गावातलं कुणी तयार झालं नाही. फक्त वहिनीनं केली, माझ्याशी एक शब्द न बोलता. माय फोन उचलत नाही.

ज्यांनी निबंध छापला त्यांना सोमवारी पत्र पाठवलं. पिल्लं मध्ये चालत होती हे माझं विधान मागे घेतलंय. तिन्ही मोठी जनावरं एकत्र चालत होती आणि एकत्र वळली, हे ठेवलंय, खाली दोन्ही कापांचे फोटो जोडून. कारणांत दोन कलमं आहेत. पहिलं, लहान अकरा पावलं माझ्या सख्ख्या भावानं कोरली. दुसरं, कड नसल्याचं मला पहिल्याच दिवशी जाणवलं होतं आणि फोटो मी मुद्दाम दुपारी काढले. दुसरं कलम सरांनी माझ्यासमोर दोनदा वाचलं. "हे लिहायची गरज नव्हती," म्हणाले. मग सही केली.

पत्रात तुझं नाव घालू नकोस असं ते म्हणाले होते, 'एका स्थानिक व्यक्तीने' असं लिही. मी ऐकलं नाही. तू रागावशील. पण 'एका स्थानिक व्यक्ती'नं मला फसवलेलं नाही.

काल बाराच्या बसनं दोन्ही तुकडे पोत्यात बांधून आणले. विभागातल्या कपाटात शेजारी शेजारी ठेवले आणि चिठ्ठ्या चिकटवल्या. एकीवर लिहिलं, नमुना पाच, सॉरोपॉड डायनोसॉर, डावं मागचं पाऊल. दुसरीवर लिहिलं, नमुना सात-अ, छन्नीकाम, श्रीमंत राघोबा बिरादार, मे २०२४.

हेमावती